फेलोची निवड कशी होते, आणि नाव कोणी पाठवायचे?

नांदेड जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २१ वर्षे संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. माहिती तंत्रज्ञानातील व्यावसायिक संघटना ‘फेलो’ किंवा ‘डिस्टिंग्विश्ड’ म्हणून कोणाची आणि कशी निवड करतात, हा पहिला प्रश्न. मराठवाड्यात बसून, मोठ्या लोकांची ओळख नसताना, असा सन्मान मिळणे शक्य आहे काय, हा दुसरा. आणि एका संस्थेने अठरा हजार रुपये शुल्क घेऊन ‘डिस्टिंग्विश्ड फेलो’ करण्याचा ईमेल पाठवला आहे, तो स्वीकारावा काय, हा तिसरा. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत उमेदवारी करून मी या व्यवसायात आलो. त्यानंतरच्या वर्षांत बरीच नामांकने आणि शिफारसपत्रे लिहिली आणि एका राष्ट्रीय संघटनेच्या निवड समितीवर दोन मुदती काम केले. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आपल्याकडे ‘फेलोशिप’ म्हटले की संशोधक विद्यार्थ्याला दरमहा मिळणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. मोठ्या कंपन्यांतही ‘फेलो’ हे पद असते, परंतु ती त्या कंपनीने दिलेली नोकरीतील श्रेणी होय. व्यावसायिक संघटनेतील फेलो वेगळा. तेथे पैसे मिळत नाहीत आणि पदही मिळत नाही; आपल्याच व्यवसायातील जाणत्या माणसांनी आपले काम तपासून दिलेली ती सभासदत्वाची सर्वोच्च श्रेणी असते. मात्र या एका शब्दाखाली निवडीच्या निरनिराळ्या पद्धती चालतात, आणि बहुतेकांची गल्लत तेथेच होते.

काही संघटनांत फेलो होण्यासाठी आपण स्वतः अर्ज करायचा असतो. १९२० मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स आणि १९५३ पासूनची इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अभियंत्यांची आयईटीई यांची फेलो श्रेणी मुख्यतः या प्रकारची आहे. पात्रता, अनुभवाची वर्षे, सांभाळलेली जबाबदारी आणि विद्यमान सभासदांची अनुमोदने तपासली जातात, शुल्क भरावे लागते आणि निकष पूर्ण करणाऱ्याला श्रेणी मिळते. या श्रेणीला मी कमी लेखत नाही. आपल्या भागातील कित्येक अभियंत्यांना व्यावसायिक शिस्त, नियतकालिके आणि व्याख्याने यांच्याशी जोडून ठेवण्याचे काम तिने केले आहे. फक्त ती पात्रतेची पोच आहे, स्पर्धेतून झालेली निवड नाही, हे ध्यानात ठेवावे.

दुसऱ्या पद्धतीत स्वतः अर्ज करता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी नाव पाठवावे लागते आणि जागा मर्यादित असतात. संगणकशास्त्राची जुनी आंतरराष्ट्रीय संघटना एसीएम १९४७ मध्ये स्थापन झाली; तिने फेलो श्रेणी १९९३ मध्ये सुरू केली. ही श्रेणी एकूण सभासदांपैकी वरच्या एक टक्क्यासाठी आहे, आणि उमेदवाराने मागील दहा वर्षांपैकी किमान पाच वर्षे व्यावसायिक सभासद असावे लागते. सभासद लाखाच्या घरात असताना २०२३ साठी ६८ आणि २०२४ साठी ५५ जणांचीच निवड झाली, यावरून चाळण किती बारीक आहे हे कळते. फेलोच्या खाली २००६ पासून आणखी दोन पायऱ्या आहेत. सीनियर सभासदत्वासाठी दहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो आणि तेथे स्वतः अर्ज करता येतो. डिस्टिंग्विश्ड सभासदत्वासाठी पंधरा वर्षांचा अनुभव आणि त्यासोबत लक्षणीय योगदान दाखवावे लागते.

विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक क्षेत्रांतील अभियंत्यांची जागतिक संघटना आयईईई हिचे गणित निराळे आहे. तेथे एका वर्षात निवडल्या जाणाऱ्या फेलोंची संख्या मतदानाचा अधिकार असलेल्या सभासदांच्या हजारात एकापेक्षा अधिक असू शकत नाही. उमेदवार आधीपासून सीनियर सभासद असावा लागतो आणि त्याची सभासदत्वाची पाच वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. शिफारस करणारे साधारणतः स्वतः फेलोच असावे लागतात, आणि एखाद्या फेलोच्या शिफारशीने भागत नाही. नामांकन प्रथम त्या विषयाच्या सोसायटीकडे जाते, तेथील जाणकार त्याचे मूल्यमापन करतात, नंतर फेलो समिती सर्व विषयांतील उमेदवारांची तुलना करते आणि अखेरची मंजुरी संचालक मंडळ देते. नामांकन करताना उमेदवार कोणत्या गटात मोडतो हे ठरवावे लागते : संशोधक, शिक्षक, तांत्रिक नेतृत्व करणारा की प्रत्यक्ष उपयोजन करणारा अभियंता. या शेवटच्या गटाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो, कारण आपल्या भागातील बहुतेकांचे मोलाचे काम त्यातच बसते आणि तरीही त्यांचे नामांकन संशोधक गटात पाठवून वाया घालवले जाते. आपल्या देशात १९८७ मध्ये स्थापन झालेली इंडियन नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग हीसुद्धा नामांकनानेच निवड करते.

तिसरी पद्धत दुर्मीळ आहे. तीत संघटना स्वतःहून एखाद्याला बोलावून सन्मान देते. ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीत फेलो ही श्रेणी आहेच, शिवाय ‘डिस्टिंग्विश्ड फेलो’ हा वेगळा सन्मान आहे; तो प्रथम १९७१ मध्ये डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांना दिला गेला आणि १९७३ मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांना. हॉपर या तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री होत्या. १९६५ मध्ये स्थापन झालेली आपली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया, जिचे पहिले अध्यक्ष टिफ्रॅक हा भारतीय बनावटीचा संगणक उभारणारे आर. नरसिंहन होते, तीही फेलो आणि मानद फेलो असे सन्मान देत आली आहे. मानद सन्मानासाठी तयारी अशी काही करता येत नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

आता निवड समितीच्या खोलीत काय होते ते सांगतो, कारण नियमावली वाचून ते कळत नाही. मी ज्या समितीवर होतो तिच्यापुढे एका बैठकीत चाळीस-पन्नास प्रकरणे येत. प्रत्येक सभासदाने ती घरी वाचून गुण दिलेले असत, आणि बैठकीत एका प्रकरणाला दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नसे. उमेदवार ज्या संस्थेतला, त्याच संस्थेतला समिती सदस्य असेल तर तो उठून बाहेर जाई. मग अध्यक्ष एकच प्रश्न विचारीत : या व्यक्तीने नेमके काय केले, ते एका वाक्यात कोण सांगेल? ज्या प्रकरणात कोणालाही ते वाक्य सांगता येत नसे ते बाजूला पडे, मग त्याला ८० शोधनिबंध जोडलेले असोत की २० पुरस्कारांची छायाचित्रे.

ते एक वाक्य म्हणजेच पुढे मानपत्रावर छापली जाणारी ओळ. मोठ्या संघटनांत ती ठरावीक घाटाची असते : ‘अमुक विषयातील अमुक योगदानासाठी’. तिच्यात विशेषणांना जागा नसते. ‘ख्यातनाम’, ‘बहुआयामी’, ‘विद्यार्थिप्रिय’ हे शब्द निरोपसमारंभाच्या भाषणात शोभतात. नामांकनात ते आले की वाचणाऱ्याला शंका येते की सांगण्यासारखे काम नसावे. ही चूक मीही केली आहे. माझ्या पहिल्या काही शिफारसपत्रांपैकी एक दोन पाने भरून स्तुतीचे होते आणि उमेदवार खरोखर लायक होता. त्याची निवड झाली नाही. नंतर समितीवर काम करताना तशीच पत्रे माझ्यापुढे येऊ लागली, तेव्हा मला कळले की माझ्या पत्रातून समितीला काहीच मिळाले नव्हते.

एक उदाहरण जवळून दाखवतो. आमच्या ओळखीच्या एका अभियंत्याने साधारण २००५ च्या सुमारास बीड आणि जालना जिल्ह्यांतील पतसंस्थांसाठी शाखांचे सॉफ्टवेअर तयार केले. तो काळ भारनियमनाचा होता. तालुक्याच्या गावी दिवसातून कित्येक तास वीज नसे आणि टेलिफोनची लाइन कधी तुटेल याचा भरवसा नसे. बाजारात मिळणारी प्रणाली मुख्य कार्यालयाशी संपर्क तुटला की थांबत असे. काउंटरवर रांग, आणि रोखपाल हातावर हात धरून बसलेला. या गृहस्थांनी प्रत्येक शाखेला आपल्यापुरता हिशेब चालू ठेवण्याची मुभा देणारी रचना केली. लाइन आली की दोन्हीकडच्या नोंदी आपोआप जुळवल्या जात, आणि एकाच खात्यातून दोन शाखांत पैसे काढले गेले असतील तर कोणती नोंद ग्राह्य धरायची याचे नियम आधीच ठरलेले असत. एका शाखेत मी स्वतः पाहिले आहे : वीज गेली, पंखा थांबला, इन्व्हर्टरवर एकच संगणक उरला, आणि रोखपालाने मान वर न करता पुढच्या खातेदाराचे पासबुक हातात घेतले.

त्यांच्या नामांकनाचा पहिला मसुदा एका स्नेह्याने तयार केला होता. त्यात ‘तीन दशकांचा प्रदीर्घ अनुभव’, चौदा पुरस्कार, दोन संस्थांचे अध्यक्षपद आणि रक्तदान शिबिरे होती. वर सांगितलेल्या रचनेचा उल्लेख तिसऱ्या पानावर अर्ध्या ओळीत होता. आम्ही एका रविवारी माझ्या घरी बसलो आणि मी त्यांना विचारले, तुम्ही हे केले नसते तर काय अडले असते? त्यांनी थोडा विचार करून सांगितले की संध्याकाळचा ताळा जुळवायला कर्मचाऱ्यांना रात्री नऊपर्यंत थांबावे लागले असते. तेथून खरे नामांकन सुरू झाले. किती शाखा, किती वर्षे, जुळणीतील चुकांचे प्रमाण आधी किती आणि नंतर किती, हे सगळे त्यांच्या जुन्या वह्यांत आणि लेखापरीक्षणाच्या अहवालांत होते. ते काढायला आम्हाला दीड महिना लागला. शेवटी ओळ तयार झाली : ‘अनियमित वीज व दूरसंचार असलेल्या भागांतील सहकारी पतसंस्थांसाठी खंडित संपर्कातही चालणाऱ्या व्यवहारप्रणालीच्या रचनेसाठी’. या ओळीत एकही विशेषण त्यांच्या व्यक्तिमत्त्वाचे नाही. जे आहे ते सगळे कामाचे आहे.

तरीही पहिल्या वर्षी नाव मागे राहिले. कारण साक्षीदार नव्हते. रचना उत्तम आहे असे सांगणारे पतसंस्थांचे व्यवस्थापक होते, लेखापरीक्षक होते. परंतु ती तांत्रिकदृष्ट्या नवी होती काय, हे सांगू शकणारा संगणकतज्ज्ञ बीड-जालन्याबाहेर एकही नव्हता, कारण त्यांनी त्याविषयी कोठे काही लिहिलेच नव्हते. मग त्यांनी ती रचना एका परिषदेत मांडली, पुण्या-मुंबईच्या दोन जाणकारांना प्रत्यक्ष शाखेत आणून दाखवली आणि दोन वर्षांनी पुन्हा नाव गेले. त्या वेळी त्यांना एका राष्ट्रीय संघटनेची फेलो श्रेणी मिळाली. दोन्ही वेळी काम तेच होते. दुसऱ्या वेळी ते पाहिलेली माणसे बोलली.

यातच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ओळख लागते काय? लागते. पण वशिला निराळा आणि ओळख निराळी. वशिल्यात माणूस तुम्हाला ओळखतो. येथे त्याने तुमचे काम ओळखायचे असते. शिफारसपत्रे गोपनीय असतात, आणि अनुभवी वाचकाला पहिल्याच परिच्छेदात कळते की लिहिणाऱ्याने काम पाहिले आहे की सहीपुरते पत्र दिले आहे. कुलगुरूंचे किंवा मंत्र्यांचे पत्र जोडावे काय, असे मला वारंवार विचारले जाते. जोडू नये. त्या कामात मुरलेल्या, शक्यतो दुसऱ्या राज्यातील किंवा देशातील व्यक्तीचे एक पान अधिक वजनाचे ठरते, आणि उमेदवाराशी तिचा हितसंबंध जितका कमी तितके अधिक.

दुसऱ्याने नाव पाठवण्याची ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटनमधील रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय फेलो हे मुंबईचे जहाजबांधणी अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया होते, साल १८४१. विद्यापीठात शिकवणारे ते नव्हते. वाफेची इंजिने आणि गोदीतील यंत्रे हे त्यांचे क्षेत्र होते. त्यांच्यानंतरचे भारतीय फेलो श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मधली ७७ वर्षे या देशात लायक माणूस नव्हता असे कोणीही म्हणणार नाही. रामानुजनांच्या कामाची पारख असलेले गणितज्ञ हार्डी त्या सभासदांत होते. कामाची पारख असलेल्या सभासदाने कागदावर नाव लिहिले तरच पुढची सगळी यंत्रणा हलते, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. मराठवाड्यातील नावे या याद्यांत कमी दिसतात याचे कारण शोधताना मला नेहमी हेच आढळले आहे. नाकारली गेलेली नावे थोडी. पाठवलीच न गेलेली फार. आपल्याकडे १९५८ पासून विद्यापीठ आहे, १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नांदेडला १९८१ पासून गुरू गोविंदसिंहजींच्या नावाची संस्था आहे. तेथून बाहेर पडलेली माणसे जगभर मोठ्या कामांवर आहेत. परंतु येथे राहून काम केलेल्यांसाठी चार रविवार घालवून नामांकन लिहिणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात : तो ईमेल पुसून टाका. ज्या संस्थेला आपले काम माहीत नाही, जिच्या निवड समितीची नावे जाहीर नाहीत, जिने कोणाला नाकारले असे कधी ऐकिवात नाही आणि जिचे पत्र शुल्काच्या आकड्याने संपते, तिचा सन्मान प्रत्यक्षात विकत घेतलेला असतो. असे ईमेल वाढण्याची कारणेही उघड आहेत. पदोन्नतीच्या फायलीत पुरस्काराचा रकाना असतो, आणि अमेरिकेत विशेष गुणवत्तेवर स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांना निवडक संघटनांचे सभासदत्व पुरावा म्हणून दाखवता येते. मात्र तेथील स्थलांतर खात्याच्या मार्गदर्शिकेत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या फेलो श्रेणीचे उदाहरण दिलेले आहे, आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांवर किंवा शुल्क भरून मिळणारे सभासदत्व धरले जात नाही, हेही त्यातच स्पष्ट आहे. खऱ्या नामांकनाच्या कागदांत असे विकतचे सन्मान दिसले की समितीचा बाकीच्या कागदांवरचा विश्वासही डळमळतो. मी स्वतः असे घडताना पाहिले आहे.

आता आपल्या स्वतःच्या कामाविषयी. आपण ४५ शोधनिबंधांची यादी पाठवली आहे आणि शेवटी, जाता जाता, लिहिले आहे की विद्यार्थ्यांच्या मदतीने नऊ वर्षे जुन्या दप्तरांतील मोडी अक्षरांच्या प्रतिमा गोळा करून, प्रत्येकीचे वाचन जाणकारांकडून तपासून, त्यांचा संग्रह केला आहे. माझ्या दृष्टीने यादीतील बहुतेक निबंध बाजूला ठेवून हा संग्रहच नामांकनाचा कणा व्हावा. लपेटीदार मोडीत अक्षर कोठे संपते आणि पुढचे कोठे सुरू होते हे ठरवणे यंत्राला किती जड जाते, हे या विषयातील प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तपासलेला संग्रह ही दुर्मीळ वस्तू आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातील मोडी आणि उर्दू दप्तरे वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत हे सगळ्यांना दिसले. आपल्या कामाची गरज समजावून सांगायला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही. परंतु आज हा संग्रह आपल्या विभागाच्या संगणकात आहे आणि बाहेरच्या कोणीही तो वापरलेला नाही. तो खुला करा, सोबत तो कसा तयार केला याचे प्रामाणिक टिपण द्या, आणि दुसऱ्या गटांनी तो वापरून आपापले प्रयोग प्रसिद्ध करेपर्यंत दोन-तीन वर्षे धीर धरा. ते वापरणारेच आपले साक्षीदार होतील. आपण आयईईईचे सीनियर सभासद आहात, एसीएममध्ये मात्र नुकतेच आलात. तेथे पाच वर्षांची अट आहे, तेव्हा सभासदत्व खंडित होऊ देऊ नका. वर्गणीचे एक वर्ष चुकले म्हणून गणती बिघडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत.

शिफारस मागताना शेवटच्या आठवड्यात फोन करू नये. तीन महिने आधी, ओळीचा मसुदा आणि कामाचे दोन पानी वर्णन पाठवून विचारावे, आणि समोरच्याने नकार दिल्यास तो मोकळेपणाने स्वीकारावा, कारण ओढूनताणून लिहिलेले पत्र नकारापेक्षा अधिक नुकसान करते. निवड झाल्यावरचा सोहळा लहानच असतो. आयईईईची श्रेणी १ जानेवारीपासून लागू होते आणि प्रमाणपत्र स्थानिक शाखेच्या किंवा विषयाच्या परिषदेत देतात. एसीएमचे फेलो वार्षिक पुरस्कार समारंभात गौरवले जातात. आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि फेटा त्यात जोडला जातो, आणि माझ्या मते तो जोडावाच. आमच्या पतसंस्थावाल्या अभियंत्याच्या सत्कारात माजलगावचे दोन निवृत्त रोखपाल आपणहून आले होते.

शेवटी एक विनंती. आपल्या पत्रात आपल्याच विभागातील एका प्राध्यापिकेचा उल्लेख आहे, ज्यांनी मोडी वाचकांना प्रशिक्षण देऊन संग्रहाच्या तपासणीची सगळी घडी बसवली. त्यांचा अनुभव १४ वर्षांचा आहे आणि त्या अजून आयईईईच्या साध्या सभासद आहेत. सीनियर श्रेणीसाठी त्यांना स्वतः अर्ज करता येतो आणि तीन संदर्भ लागतात. एक आपण द्या, एक मी देतो. तिसऱ्यासाठी त्यांच्या कामाचे दोन पानी वर्णन मला पाठवा, म्हणजे ते समजेल अशा व्यक्तीकडे मी या महिन्यातच पोचवीन.